गजभिये सिस्टरचा मोगरा

गजभिये सिस्टरबद्दल एकही वाकडा शब्द लिहिणार नाही, असं बायकोला कबूल करून मी लिहायला बसलो आहे. तेव्हा खाली जे काही वाकडं दिसेल, तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष समजावा.

सिस्टर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. त्यांच्या आणि आमच्या दारांमध्ये फक्त जिना आणि बहुतेक वेळा बंद असलेली लिफ्ट. एका मोठ्या दवाखान्यात त्या मेट्रन होत्या. पुढं निवृत्त झाल्या. पण ही गोष्ट फक्त दवाखान्याला कळली, सिस्टरना शेवटपर्यंत कुणी सांगितली नसावी. उंच बांधा, पांढरी साडी, तिला बारीक निळा काठ, आणि इस्त्री अशी की निरीवरनं बोट फिरवलं तर रक्त यावं. आमच्या स्कीमचा, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीचा, चौकीदार फ्लॅटमालकांना पाहून खुर्चीतून उठत नसे. सिस्टर खाली उतरताना त्यांची नुसती चप्पल वाजली, की तो उभा राहायचा, खुर्चीही उभी राहायची.

बोलताना समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. ‘कसे आहात भाऊ?’ असं विचारायच्या आणि उत्तर तोंडातून न घेता नाडीतून घ्यायच्या. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी दाखवत म्हणाला, ‘बाई, सांभार आजचाच आहे,’ की त्याचं मनगट धरायच्या. तो बिचारा दोन ठोक्यांतच ‘कालचा आहे जी’ म्हणून मोकळा व्हायचा. हसायच्या त्या आवाज न करता. चेहरा मेट्रनचाच राही, खांदे तेवढे हलत. माझ्याशी बोलताना ते खांदे फार हलत, हे मी आधीच सांगून ठेवतो.

दुपारी स्कीममधल्या बायका त्यांच्याकडे पत्ते खेळायला जमत. तिथं सिस्टर उघड-उघड लांडी करायच्या. माझी बायको मंदा एकदा म्हणाली, ‘सिस्टर, तुमी पत्ता लपवून राहिल्या.’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पेशंटले सारंच सांगायचं नसते वं.’ आणि पुढचा डावही जिंकल्या. हेच मी केलं असतं तर मला चोर म्हणाले असते. त्यांना मात्र सगळ्या बायका ‘आमच्या सिस्टर’ म्हणत.

हे सगळं मी सोसलं असतं. त्यांच्या मेणबत्त्या मला सोसल्या नाहीत.

त्याचं कारण माझं नाक. मी जन्मभर नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा धंदा केला. डोळे बांधून मला त्या बाजारात सोडा, नुसत्या कांजीच्या वासावरून दुकान कोणतं, थान कोणत्या गावचं आणि शेटजींनी सकाळी काय खाल्लं ते सांगेन. मुलगा गादीवर बसायला लागला, मी घरी बसलो, आणि एवढं मोठं नाक रिकामं ठेवणं बरं नाही म्हणून सुगंधी मेणबत्त्या करायचं ठरवलं. सोयाचं मेण आणलं, सेंट आणले, काचेचे ग्लास आणले. ग्लासांवर चिकटवायच्या चिट्ठ्यासुद्धा छापून आणल्या. आणि पहिली मेणबत्ती ओतायच्या आधीच मला कळलं, की समोरच्या सिस्टर ही गोष्ट तीन वर्षांपासून करतात.

कळलं कसं, तर मे महिन्यात एका संध्याकाळी लाइट गेली. नागपुरात मे महिन्यात लाइट जाते तेव्हा माणसं एकमेकांकडे कशी पाहतात, हे नागपूरकराला सांगायला नको. तेवढ्यात सिस्टरनी आपल्या घरात एक मेणबत्ती लावली. मोगरा. तो दाराच्या फटीतून निघाला, जिन्यात आला, वरच्या मजल्यावर गेला, खाली उतरला. तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते म्हणे बाल्कनीत येऊन ‘गजरा आणला का?’ इथून सुरू झाले. रस्त्यावरून वरात चालली होती, तिचा घोडा आमच्या गेटसमोर थांबला तो हलेचना. घोड्याचं मी स्वतः पाहिलं नाही, पण थांबला असणार. मंदानं अंधारात एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, ‘काय मोगरा आहे जी.’ आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, असा श्वास तिनं माझ्यासाठी एकदाही घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गॅस पेटवला.

मला स्वयंपाकातलं एकच शास्त्र ठाऊक होतं: वास सुटतो तो फोडणीला. जिरं गार तेलात टाकलं तर काय वास येणार? म्हणून मी मेण कडकडीत तापवलं आणि त्यात मोगऱ्याचा सेंट सोडला. चर्र झालं, आणि अहाहा. सगळ्या स्कीममध्ये दरवळ. वरच्या काकू खाली वाकून म्हणाल्या, ‘सिस्टर आज काय करून राहिल्या?’ मी ओरडून सांगितलं की हे सिस्टर नाही, हे मी. मेणबत्ती थिजली, संध्याकाळी ती लावली, आणि तिला वास नाही. म्हणजे एवढासाही नाही. नरखेडहून माझा मेहुणा आला होता. शेतकरी माणूस, भिडस्त. मी म्हटलं, जवळ जाऊन बघा. तो वाकला, आणखी वाकला, आणि ताडकन मागं झाला. अर्धी मिशी गेली होती.

‘वास तर येऊन राहिला भाऊजी,’ तो म्हणाला, ‘पण तो माह्या मिशीचा आहे.’

मी हार मानणाऱ्यांतला नाही. पुढच्या खेपेला गुलाब घेतला आणि अख्खी बाटली ओतली. त्या मेणबत्तीला घाम फुटला. वर तेलाचे थेंब, वात तडतडते आहे, पण मी ती बैठकीत कूलरसमोर ठेवून लावली, म्हणजे वारा वास खोलीभर नेईल. दार उघडं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही कळावं म्हणून. तासभर बसलो. मला कूलरला लावलेल्या खसच्या ओल्या ताट्यांखेरीज कसलाही वास येईना. एवढ्यात मंदा पत्ते खेळून समोरून आली. चेहरा फुललेला.

‘सिस्टरकडे काय गुलाब दरवळून राहिला जी. आपल्याइथं कधी येत नाही असा.’

तिच्या मागोमाग सिस्टर आल्या. आमच्या दारात उभ्या राहून एकदा मेणबत्तीकडं, एकदा कूलरकडं आणि एकदा माझ्याकडं त्यांनी पाहिलं.

‘ढोबळेभाऊ, गुलाब तुमचा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कूलर या घरातली सारी हवा माह्या घरात ढकलून राहिला. मी बायकांले सांगतलं, पण त्यांले खरं वाटत नाही. कूलर बंद करा, खिडक्या लावा, मग मोमबत्ती लावा.’

खांदे हलत होते.

आता बघा. माझा सेंट, माझं मेण, माझा कूलर, माझं विजेचं बिल, आणि कौतुक त्यांचं. वर त्या खरं सांगतात आणि बायका त्याला मोठेपणा समजतात. आणि मे महिन्यात नागपुरात ‘कूलर बंद करा’ असं सांगणारा माणूस हितचिंतक असू शकतो, हे मला कुणी पटवून द्यावं.

तेव्हा गुपित काढायचंच ठरवलं. एक वाटी परत करायची म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. वाटी आमचीच होती, पण काही तरी हातात पाहिजे. त्यांच्या घरात शिरताना डाव्या हाताला बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं रोज सकाळी वंदनेला लावलेली मेणबत्ती. साधी, पांढरी, बिनवासाची. मी सहज विचारलं, इथं तुमचा मोगरा काहून नाही? म्हणाल्या, ‘इथं वास कशाले? इथं उजेड पाहिजे.’ मोगरा त्या बैठकीत लावायच्या, पाहुणे येणार असले म्हणजे. ‘जिंदगी फिनाईलच्या वासात गेली, भाऊ. आता नाकाचे लाड करून राहिली.’

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात छोटं पातेलं, त्यात मेण, आणि मेणात थर्मामीटर. सिस्टर शेजारी स्टुलावर, पेशंटजवळ बसावं तशा बसल्या होत्या.

‘काय करून राहिल्या?’ मी विचारलं.

‘ताप उतरायची वाट पाहून राहिली.’

‘मेणाचा?’

‘मग काय माझा?’ त्यांनी माझं मनगट धरलं. ‘तुमी वाटी द्यायले आले नाही. विचारायचं ते विचारून टाका, ठोके फार पडून राहिले.’

मी विचारलं. आणि बाईंनी सांगून टाकलं. सगळंच्या सगळं, तिथल्या तिथं. ‘मेण उकळतं असलं तर सेंट घालायचा नाही, अर्धा तिथंच उडून जाते. लई गार झाल्यावर घातला तर मिसळत नाही. ताप थोडा उतरला की घालायचा, मापात, अन् सावकाश ढवळत राहायचं. वात ग्लासाच्या मानानं जाड घ्यायची. वरचं मेण काठापर्यंत पातळ झालं पाहिजे, तेव्हा वास सुटते. तुमची वात तर सुईएवढी आहे. मग झाकण लावायचं अन् ठेवून द्यायचं. दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही.’

‘मग?’

‘मग काही नाही. आराम.’ दिवाणाची चादर उचलून त्यांनी खाली ओळीनं लावलेली खोकी दाखवली. ‘या ॲडमिट आहेत. लोणचं मुरते तशा मुरतात. मुरल्या की डिस्चार्ज.’

मी घरी आलो तो चिडून. यातला एक शब्द मला खरा वाटला नाही. गांधीबागेत कुणी आपला माल कुठून आणतो ते सांगत नाही. सुरतेला गेलेला माणूस नागपुरात शिरताना उमरेडहून येतोय असं दाखवतो. आणि ही बाई वाटीभर सबबीवर सगळं गुपित देईल? म्हणजे खरं गुपित दुसरंच. शिवाय मेणबत्ती नुसती ठेवून द्यायची, ही काय कृती झाली? काहीच न करणं माझी म्हैससुद्धा करू शकली असती, मला म्हैस असती तर.

मी मंदाला पाठवलं. तिला तेच सांगितलं. मेहुण्याला पाठवलं, तोही तेच घेऊन आला. वर सिस्टरनी त्याच्या मिशीला मलम दिलं. तिघांना एकच जबानी. खरं बोलणारा माणूस दर वेळी थोडं इकडंतिकडं करतो, मी स्वतः करतो. इतकं सारखं फक्त पाठ केलेलं असतं. माझा संशय पक्का झाला.

अशात दिवाळी जवळ आली. दिवाळीच्या आधी धरमपेठेत एका हॉलमध्ये घरगुती वस्तूंचा मेळा भरायचा. मंदानं मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘या मेळ्यात चाललं तर ठीक. नाही चाललं तर गॅस माझा, पातेली माझी, अन् तुमी नातवाले शाळेत सोडायले जायचं.’ माझ्या म्हातारपणाचा सगळा निकाल त्या टेबलावर होता. नाकवाला माणूस म्हणून राहायचं, की शाळेच्या गेटवर उभं राहायचं.

टेबलं ज्यानं लावली त्याचा मी काहीही गुन्हा केला नव्हता, तरी त्यानं माझं टेबल सिस्टरच्या टेबलाला लावून ठेवलं. मी गिऱ्हाईक ओळखणारा माणूस. मोठ्या अक्षरात पाटी रंगवून आणली होती: ‘एकदम ताज्या मेणबत्त्या. कालच केलेल्या.’ सिस्टरनी पाटी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मग तोंडाला पदर लावून त्या बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि पाठीवरूनही मला खांदे दिसत होते.

एक बाई माझ्या टेबलासमोर थांबल्या. डोळे मिटले, मान वर केली. ‘वा, किती सुंदर मोगरा.’ मी पिशवी उघडून धरली. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, आणि वासाच्या मागं-मागं शेजारच्या टेबलाकडं चालत्या झाल्या. दिवसभर असंच. माणसं माझ्यासमोर उभी राहून श्वास घ्यायची आणि तिकडं जाऊन पिशवी भरायची.

दुपारी सिस्टरच्या मेणबत्त्या संपत आल्या, तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाला म्हणाल्या, ‘भाऊंच्याही घ्या, चांगल्या आहेत. फक्त आत्ता लावू नका. पंधरा-वीस दिवसांनी लावा.’

दिवाळीला मेणबत्ती विकत घेणाऱ्याला ही बाई दिवाळी झाल्यावर लावायला सांगते. दुश्मन यापेक्षा निराळं काय करतो? गिऱ्हाईक हसलं आणि गेलं. संध्याकाळपर्यंत माझी एक मेणबत्ती खपली. ती मेहुण्यानं घेतली आणि लांब धरून नेली.

गॅस गेला, पातेली गेली. पण जाता-जाता मंदाकडून मी दिवाळीनंतरची एक शेवटची दुपार मागून घेतली. मला सिस्टरना खोटं पाडायचं होतं. त्यांच्याच घरून थर्मामीटर मागून आणला. ताप उतरू दिला. माप घेतलं. सावकाश ढवळलं, इतकं सावकाश की मधे मला डुलकी लागली. जाड वात लावली. अक्षरशः त्यांनी सांगितलं तसं, एका गोष्टीचाही फरक न करता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाला साक्षीला बसवून त्यातली एक लावली.

वास आला, पण शेजारच्या गल्लीतून कुणी मोगरा घेऊन जावं एवढा.

‘पाहिलं?’ मी म्हणालो. ‘मी म्हणत नव्हतो?’

‘पण ठेवून कुठं दिली तुमी?’ मंदा म्हणाली.

‘ठेवतो,’ म्हणालो, आणि रागारागानं खोकं दिवाणाखाली लाथेनं सरकवलं. त्यापुढं कूलरच्या जुन्या ताट्या लोटल्या. दुसऱ्या दिवसापासून नातवाला शाळेत सोडायला लागलो. सिस्टर जिन्यात भेटल्या की मी नाक शिंकरत जायचो, म्हणजे बोलावं लागत नसे. असं सगळी थंडीभर चाललं.

संक्रांत होऊन गेल्यावर कळलं, की सिस्टर पुण्याला लेकाकडं चालल्या. कुणी नेत नव्हतं, स्वतःच ठरवलं होतं. ‘गुडघ्यांनी बदली मागितली,’ त्या सगळ्यांना सांगत होत्या. बायका रोज जाऊन रडून येत. पत्त्यांचा कॅट कुणी घ्यायचा यावरून दोघींचं भांडण झालं. मी गेलो नाही. मला कशाला वाईट वाटेल? समोरचं दार बंद झालं की स्कीममध्ये नाक म्हणून एकच उरणार होतं.

निघायच्या दिवशी मंदा म्हणाली, ‘काहीतरी द्या जी त्यांले हातात. थर्मामीटर तरी परत करा.’ नुसता थर्मामीटर देणं बरं दिसेना. दिवाणाखाली वाकलो, ताट्या बाजूला केल्या आणि खोक्यातला एक ग्लास उचलला. धूळ पुसली.

त्यांचं घर रिकामं झालं होतं. मूर्ती त्यांनी सगळ्यात आधी स्वतःच्या पिशवीत घेतली होती. खाली गाडीत सामान भरणं चालू होतं. सिस्टरनी ग्लास हातात घेतला, झाकण काढलं नाही, नुसता खालीवर फिरवून पाहिला.

‘पेटवू या,’ म्हणाल्या.

‘आत्ता? गाडी थांबली आहे.’

‘थांबू द्या.’

त्यांनी एकेक खिडकी लावली. दार लावलं. पंखा बंद केला. मेणबत्ती जमिनीवर ठेवून लावली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या, गुडघे धरून. मीही बसलो, मंदा दाराशी. वरचं मेण वातीभोवती पातळ व्हायला लागलं. मग हळूहळू कडेला सरकत गेलं. खालून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. मेण काठाला लागलं.

आतापर्यंत मी काही ठिकाणी चार शब्द वाढवून सांगितले असतील. इथं वाढवत नाही. मोगरा आला. आधी खोलीच्या मधोमध, मग भिंतीपर्यंत, मग त्या रिकाम्या घरात मोगऱ्याशिवाय काही राहिलं नाही.

सिस्टरनी विचारलं, ‘कवा केली ही?’

‘दिवाळीनंतर.’

‘अन् तवापासून?’

‘ठेवली होती. मुद्दाम, मुरायले.’

‘मुद्दाम ठेवणारे तुमी नाही जी.’

‘रागानं ठेवली होती, सिस्टर,’ मंदा दारातून म्हणाली. ‘लाथ मारून.’

खांदे हलायला लागले. खूप वेळ हलले. मग डोळे पुसत म्हणाल्या, ‘रागानं ठेवली तरी मुरते बरं. तिले काय माहीत.’

मला एकच विचारायचं होतं. मे महिन्यातल्या त्या अंधारापासून विचारायचं होतं. ‘सिस्टर, खरं सांगा. तुमच्या मोगऱ्याहून बरा आहे का?’

त्यांनी डोळे मिटले, पेपर तपासावा तसा एक मोठा श्वास घेतला, सोडला.

‘नाही,’ म्हणाल्या. ‘पण मले हे जमायले दोन वर्षं लागले होते.’

त्यांनी वात विझवली, आणि मेण थिजेपर्यंत आम्हा तिघांना, ड्रायव्हरला आणि पुण्याला थांबवून ठेवलं. सांडू नये म्हणून. मला वाटलं ग्लास मला परत देतील. त्यांनी झाकण लावलं आणि तो घेऊन जिना उतरायला लागल्या. एका हातानं मंदाचा खांदा धरून, दुसऱ्या हातात माझी मेणबत्ती.

गाडीत बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला काचा वर करायला सांगितल्या. खाली सगळी स्कीम उभी होती, चौकीदार खुर्चीसकट. सगळ्यांनी हात हलवले. सिस्टरनी हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या ग्लासाभोवती होते, आणि चेहरा सरळ समोर, राऊंडला निघाल्यासारखा. गाडी गेटमधून डावीकडं वळली.

पुण्यात त्यांच्या समोरच्या दारात कोण राहतं, मला माहीत नाही. पण तो माणूस मला आत्तापासूनच आवडत नाही.